तळमजला

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गबरू बसला तो उठेचना. त्र्यंबकरावांनी पोटाखाली हात घालून पाहिलं, पण त्या म्हाताऱ्या कुत्र्याचं वजन त्यांना पेलवेना. शेवटी तेही शेजारी पायरीवर टेकले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "खाजेवरच्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी याची भूक वाढली, अंग सुटलं, पाय मात्र कमकुवत झाले. सगळा भार सांध्यांवर येतोय. गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत, हळूहळू कमी करू. पण जिना बंद."

त्र्यंबकरावांनी वरचं घर बंद केलं आणि पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर खोली घेतली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, कुत्र्यासाठी आईचं घर सोडलंत?"

"तुझी आई आता त्या घरातही नाही गं. हा आहे."

गोळ्या कमी होत गेल्या, तसं गबरूचं वजनही उतरलं. एका सकाळी तो आपला आपण उठला आणि अंगणात जाऊन उन्हात ऐसपैस पसरला. त्र्यंबकराव दारात उभे राहिले. त्यांना बरं वाटलं, आणि हात एकदम रिकामे झाल्यासारखंही वाटलं. दिवसभरात ते ज्या एकट्याशी बोलत, त्याला आता उठताना हाताचा आधार द्यायची गरज उरली नव्हती.

"गबरू," त्यांनी हाक मारली. काम काहीच नव्हतं.

तो कष्टाने उठला, लंगडत त्यांच्यापाशी आला आणि तोंड वर करून बघत राहिला. त्र्यंबकराव वरमले. "काही नाही रे," म्हणत ते त्याच्याबरोबर उन्हात जाऊन बसले.