सदूची पणती

"काटे असे काढतेस, म्हणजे तू मालवणचीच," असं म्हणत विश्वासरावांनी रूथच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

रूथ हसली. बाल्टिमोरलाही मासे भरपूर मिळतात, असं तिने इंग्रजीत सांगितलं. विश्वासराव ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. बायको सुनंदाबाई गेल्यापासून यशवंतपूरच्या त्या घरात दुसरं ताट मांडलं गेलं नव्हतं. मूलबाळ नाही. कारखान्यातून रिटायर झाल्यावर सोबतीला रेडिओ उरला, तोही कन्नड. एकटेपणाची सवय होते म्हणतात. ज्यांना ती झाली नाही ते बिचारे बोलत नाहीत, एवढंच.

रूथ पन्नाशीची, उंच, काळी, शाळेत शिकवणारी. तिचा पणजोबा सदू मालवणचा खलाशी होता. जहाजावरून बाल्टिमोरला उतरला तो पुन्हा चढलाच नाही. तिथल्याच एका काळ्या बाईशी लग्न करून तिथला झाला. इकडे विश्वासरावांच्या तांडेल घराण्याच्या वंशावळीत त्यांच्या आजोबांच्या आधी, थोरला भाऊ म्हणून, सदाशिव हे नाव होतं आणि त्यापुढे एकच शब्द, परागंदा. रूथने मालवणकरांच्या एका मासिकात चौकशी छापली, विश्वासरावांनी उत्तर दिलं, आणि मग दोन वर्षं पत्रं सुरू राहिली. विश्वासराव पत्राखाली सही करायचे ती 'तुझा काका' अशी. उतावळा नवरा म्हणतात, तसे हे उतावळे काका.

शेजारच्या पद्मावतीअक्कांची मुलगी पवित्रा एका प्रयोगशाळेत डीएनएचं काम करायची. रक्त तपासायची कल्पना तिचीच.

"बापाकडनं पोराकडं जाणारी खूण असते, अण्णा," तिने सांगितलं होतं. "पुरुषाचंच रक्त लागतंय."

विश्वासरावांनी ताबडतोब रूथला कळवलं, येताना भावाचं रक्त घेऊन ये. रूथने कागदावर वाळवलेलं रक्त पाकिटात घालून आणलं. विश्वासरावांनीही दंड पुढे केला. आता निकालाची वाट बघणं चाललं होतं.

"भावालाच आणायचं होतंस," विश्वासराव म्हणाले.

"त्याला प्रवास जमत नाही." रूथ ताटाकडे बघत होती.

"मग पुढच्या वेळी."

"बघू." एक काटा ताटाच्या कडेला ठेवत ती म्हणाली, "मिस्टर तांडेल, माझ्या आईकडच्या माणसांना नावंच नाहीत. गुलाम होती ती माणसं. मालक फक्त वय आणि किंमत लिहून ठेवायचा. वडिलांच्या बाजूला एक नाव आहे, सदू. माझ्याकडे तेवढंच आहे."

विश्वासरावांनी न विचारताच तिच्या ताटात भात वाढला.

गुरुवारी रूथ बाजारात गेली असताना पवित्रा आली.

"अण्णा, स्वल्प बसा की. जुळलं नाही बघा. काहीच जुळत नाही."

विश्वासराव खुर्चीत बसले आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सदाशिव गेला, म्हणून तर घरात दत्तक घेतला होता! तो दत्तक मुलगा म्हणजे त्यांचे आजोबा. लहानपणी वडिलांनी एकदा सांगितलं होतं. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. दत्तविधान झालं की मुलगा त्या घरचा, गोत्र त्या घरचं, श्राद्ध त्या घरचं. विश्वासरावांनी आयुष्यभर सदाशिवाच्या बापाला तर्पण केलं होतं आणि अगदी त्याच भरवशावर दंड पुढे केला होता. त्या रक्तात सदाशिवाचा थेंब नव्हता.

हे रूथला सांगावं? बाई रक्ताचा कागद घेऊन समुद्र ओलांडून आली. तिला ही पळवाट वाटेल. रविवारी विमानात बसेल, आणि जवळचं एकुलतं एक नावही इथेच टाकून जाईल.

"सरी, ठीक आहे," ते पवित्राला म्हणाले. "तू कुणाला बोलू नकोस. मी सांगतो."

"खोटं सांगणार होय?"

"दत्तकाचा नातू आहे मी. तो काय खोटा नातू असतो?"

पवित्राला यातलं काही कळलं नाही. पण अण्णांचा चेहरा बघून तिने मान हलवली.

रूथ भाजी घेऊन आली. विश्वासराव उभेच होते.

"जुळलं," ते म्हणाले.

रूथ त्यांच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की विश्वासरावांना घाम फुटला.

"नक्की?"

"पवित्रा स्वतः येऊन सांगून गेली."

"काही कागद?"

"कागद देत नाहीत ते लोक." आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाने बोलू नये तसं ते बोलले, भिंतीकडे बघून.

रूथने पिशवी खाली ठेवली. मग लहान मुलीसारखी रडायला लागली. विश्वासरावांना काय करावं सुचेना. त्यांनी भीत भीत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काका," रूथ म्हणाली.

संध्याकाळी पद्मावतीअक्कांना बोलावून विश्वासरावांनी रूथची ओटी भरवली. ती सवाष्ण आहे का, हे विचारायचं सोयीस्करपणे टाळलं. माहेरवाशिणीला कोण विचारतं? रूथ पदराऐवजी ओढणी पसरून बसली होती. नारळ, तांदूळ, खण पडत गेले आणि विश्वासराव स्वयंपाकघरात जाऊन उगाच डोळे पुसून आले. आनंद होता, धास्तीही होती. उद्या हिने पवित्राला गाठून विचारलं तर?

"घरी फोन करून येते," रूथ म्हणाली. नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरून तिने काचेचा दरवाजा लावून घेतला. बाल्टिमोरला लाइन लागली.

"डॅनियल, जुळलं," ती म्हणाली. "असं काका म्हणतात."

"अरे वा!" पलीकडचा माणूस मोठ्याने हसला, आणि एकदम थांबला. "पण रूथ, तुझा भाऊ तर कधीच वारला. त्या कागदावरचं रक्त माझं होतं. मी तुझा नुसता शेजारी."

"म्हणून तर मी आणखी महिनाभर राहते आहे."