झाकलेलं ताट

सुहास सीमेवर शहीद झाल्याचं सकाळी टीव्हीने सांगितलं आणि आमच्या आळीत पहिल्यांदाच एकमत झालं: सैन्यातले साहेब येईपर्यंत त्याच्या आईला काही कळू द्यायचं नाही. केबलवाल्याने तिची तार काढली. माझ्याकडे तिला बोलण्यात गुंतवायचं काम आलं.

“युद्ध सुरू झाल्यापासून फोन नाही, भाऊजी,” ती म्हणाली. “दहावीला दोनदा बसला, पण पळण्यात तालुक्यात पहिला. गोळीसुद्धा मागे राहील, नाही का?”

मी मान डोलावली. सरकारी नोकरीत तेवढं शिकलोय.

इतक्यात समोरच्या गोदाकाकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. नळाच्या भांडणापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

“दोन घास खाऊन घे, बाई,” म्हणत काकूंनी झाकण काढलं. ताटात पिठलं-भाकरी होती.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारी पिठलं-भाकरी नेतात. आळीने गुपित पाळायचं ठरवलं होतं. रीत मोडायचं कुणी बोललं नव्हतं.

सुहासची आई ताटाकडे बघत राहिली. आत कुकरची शिट्टी व्हायची होती. ती उठली आणि गॅस बंद करून आली.