सल्लागारांची दाढ

गुंतवणूक सल्लागार खुर्चीत आडवे झाले. खालची दाढ रात्रंदिवस ठणकत होती. दंतवैद्य बाईंनी भूल दिली, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि ड्रिल हातात घेतलं.

“तुमच्या सांगण्यावरून मी पैसे विभागले,” त्या शांतपणे म्हणाल्या. “औषधं, बँका, पोलाद, सिमेंट. थोडे इथे, थोडे परदेशात, तेही तीन खंडांत. एक पडलं तर दुसरं सावरेल, म्हणालात. सोमवारी सगळी एकदमच आडवी झाली.”

सल्लागारांना बरंच काही समजावून सांगायचं होतं. तोंडातून फक्त “आँ… आँ…” निघालं.

“रागावले नाही हो मी. उलट तुमचं तत्त्व मला पटलंय. सगळी भिस्त एकाच दाढेवर कशाला? दोन वरच्या, दोन खालच्या, एखादा समोरचा दात, असं थोडं थोडं कोरू.”

सल्लागारांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. बाईंनी दुखरी दाढ तेवढी नीट भरली. ते उठले, चाचपून बाकीचे दात जागेवर असल्याची खात्री केली आणि फी देऊन निमूट निघून गेले.

मदतनीस मुलीनं हळूच विचारलं, “मॅडम, खूप बुडाले का हो?”

“छे गं. शुक्रवारपर्यंत सगळं भरून निघालं, वर चार पैसे सुटले.” बाईंनी हातमोजे काढले. “पण सहा वर्षं ते तासतासभर बोलतात आणि मी नुसती मान डोलावते. आज कुठे माझी पाळी आली.”