वजनकाट्याआधी

वजनकाट्यासमोर कुस्तीगीर मुलींची रांग लागली होती. क्लबच्या सेक्रेटरींची लेक अंगावर दोन स्वेटर घालून सकाळपासून धावत होती. आता भिंतीला टेकली होती. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, ओठ पांढरेफटक. कोचताईंनी आपली बाटली उघडून तिच्यापुढे धरली. तसे सेक्रेटरी आडवे आले. "ताई, पाणी प्यायली तर वजन वाढेल, वरच्या गटात जाईल. तिथल्या धिप्पाड मुलींपुढे हिचा निभाव लागायचा नाही. हातातोंडाशी आलेलं पदक जाईल." "जाऊ दे." "मग तुमची नोकरीही जाईल, सांगून ठेवतो." "ते उद्या बघू. आधी पोर नीट उभी राहू दे." मुलीनं वडिलांकडे पाहिलं, मग बाटलीकडे. एका दमात तिनं ती संपवली आणि हळूच विचारलं, "ताई, अजून आहे?" ताईंनी रिकामी बाटली सेक्रेटरींच्या हातात ठेवली. "नळ त्या कोपऱ्यात आहे."