लाइट गेली तेव्हा

ऊर्जेचा धडा निम्म्यावर आला आणि लाइट गेली. पंखा कुरकुरत थांबला.

"बाई, गेलेली लाइट कुठं असते हो?" पहिल्या बाकावरच्या बडबडीने विचारलं.

"अगं, ऊर्जा कधी नष्ट होत नाही. फक्त रूप बदलते." एवढं बोलून बाई अडखळल्या. शेवटच्या बाकावरची मुलगी तापाने गेली, त्याला आज नऊ दिवस झाले होते. त्या घाईने फळ्याकडे वळल्या.

पाठीमागे अख्खा वर्ग ओरडला, "आलीऽऽ!"

पंखा जागचा हलला नव्हता. "कुठं आली? आगाऊपणा पुरे!" म्हणत बाई वळल्या.

वर्ग पाठमोरा बसला होता, शेवटच्या बाकाकडे तोंड करून.

"लाइट नव्हे, बाई," बडबडी पुटपुटली.