बारावी पाटी

“रस्ता वळवायचा म्हणजे किती उपद्व्याप, कळतंय का विल्मा?” लाइल बेकस्ट्रॉमने नकाशावर पेन्सिल आपटली. “तेही दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या, नावगाव नसलेल्या एका बाईसाठी.”

“नावगाव नाही म्हणून तिच्यावर डांबर ओतणार?” विल्मा म्हणाली.

लाइल काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळाचा अध्यक्ष. विल्मा क्रान्ट्झ सत्तरी ओलांडलेली, आणि नेब्रास्काच्या त्या ओसाड काउंटीत माणसांपेक्षा तिने बसवलेल्या पाट्याच जास्त बोलत. मातीच्या ढेकळांची पहिली शाळा इथे होती. या विहिरीचं पाणी पिऊन एका घरातले सात जण गेले. इथे सैन्याने मूळ रहिवाशांचं गाव जाळलं; ही पाटी नको म्हणून अर्धी काउंटी तिच्या अंगावर आली, तरी ती हटली नाही. अशा अकरा पाट्या, आणि एकीचीही तारीख कुणाला खोटी पाडता आली नव्हती.

बारावी तिला स्वतःच्या कुरणाच्या कडेला हवी होती. तिथे गवतात गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, चाकावरचं कडं, अर्धी गाडलेली होती. पश्चिमेकडे निघालेल्यांपैकी कुणी वाटेत दगावलं आणि जवळपास दगड मिळाला नाही, की लोक अशी धाव कबरीच्या खुणेला रोवून पुढे जात; इथे अशीच एक बाई पुरलीय, असं विल्मा सांगे. रुंद होणारा रस्ता नेमका तिच्यावरून जाणार होता. दोन वर्षं विल्माला धड झोप नव्हती.

“एव्हरेट ओरेगॉनला पळाला तेव्हापासून हिने पाट्यांशीच संसार मांडलाय,” लाइल मंडळाच्या बाकी सदस्यांना म्हणाला.

सगळे हसले. विल्माही हसली. नवऱ्यावरून होणाऱ्या या थट्टेला ती चाळीस वर्षं हसत आली होती.

“पण एक आहे. विल्मा म्हणते तिथे कबर आहे, म्हणजे आहे.” लाइलने हात वर केला. मागोमाग सगळ्यांचे हात वर गेले. रस्ता वळणार होता.

विल्माचे डोळे भरून आले. राजधानीहून आलेल्या, इतिहास खात्यातल्या कॉरिनबाईंनी तिचा हात हातात घेतला.

“आणखी एक आनंदाची बातमी आणलीय, मिसेस क्रान्ट्झ. अशा कबरी आम्ही सहसा उघडत नाही, सांगणाऱ्यावर भरवसा नसतो. तुमच्यावर आहे. सोमवारी आमची माणसं येतील, हाडं तपासून वारस शोधतील. त्या बिचारीला नाव मिळेल.”

“नको,” विल्मा म्हणाली. “झोपू द्या तिला.”

“संकोच कसला? ती जागा तुम्ही स्मारकाला लिहून दिलीत ना, आता सगळं आम्ही बघतो.”

लाइलने टाळ्या वाजवल्या. विल्मा नकाशावरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. ती धाव तिनेच गोठ्यामागून ओढत नेऊन तिथे रोवली होती, एव्हरेट ओरेगॉनला पळाला असं सांगायला सुरुवात केली त्याच दिवशी. आणि अकरा पाट्या खऱ्या लावल्या होत्या, त्या बारावीवर कुणी शंका घेऊ नये म्हणून.