डेस्कटॉपवर नसलेलं प्रकरण

"सापडत नाही म्हणजे काय? इंजिनिअर ना तू?" मामा तिसऱ्यांदा तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

भाचीनं राग गिळला. ऑफिसला दांडी मारून ती सकाळपासून मामांच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसली होती. मामांच्या नव्या, बाराव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण पाच वाजेपर्यंत छापखान्यात गेलं नाही, तर पुढच्या आठवड्यातलं प्रकाशन रद्द. एवढ्या मोठ्या लेखकाची चारचौघांत शोभा. आत्ता चार वाजले होते.

"फाइलला नाव काय दिलं होतं?"

"मला काय माहीत! मी सांगतो, तुझी मामी टाइप करते. झालं की डेस्कटॉपवर आणून ठेवते."

"मग मामीला फोन लावा."

"मंगळवारपासून उचलत नाही. बहिणीकडे चार दिवस राहायला दोन मोठ्या बॅगा! तेही नेमकं आत्ताच!"

नाव माहीत नाही, तर निदान आतला मजकूर हवा. त्याशिवाय कॉम्प्युटरमधलं बिचारं लिनक्स तरी काय शोधणार?

"एखादं वाक्य सांगा मामा. कुठलंही."

"चारशे पानांतलं वाक्य कोणाच्या लक्षात राहतं?" मामा खेकसले. "'ती हसली' असं टाकून बघ. कुठेतरी हसलीच असेल."

ती कुठेच हसली नव्हती. मामांच्या फोल्डरमधून निघाले सत्कारांचे सहाशे फोटो आणि आभाराची भाषणं. भाचीला अगदी वीट आला.

मग एकदम तिनं कपाळावर हात मारला. इतका वेळ शोध चालला होता तो फक्त मामांच्या खात्यात. मामीचं खातं वेगळं होतं. मशीन भाचीनंच बसवून दिलं होतं, त्यामुळे मुख्य पासवर्ड तिच्याकडे होता. आता तिनं सगळ्या डिस्कवर शोध लावला: गेल्या आठवड्यात बदललेली कागदपत्रं.

एकच फाइल आली. मामीच्या खात्यात, मंगळवारी सकाळी आठची. नाव 'शेवटचं प्रकरण'.

"बघ! मी म्हणत होतो ना, टाइप करून ठेवलंय!" मामांचा जीव भांड्यात पडला. "पहिली ओळ वाच, म्हणजे खात्री होईल."

फाइलमध्ये पहिलीच ओळ होती, दुसरी नव्हती. भाचीनं ती मोठ्यानं वाचली.

"अहो, अकरा कादंबऱ्या मी लिहिल्या, बारावीचं शेवटचं प्रकरण तेवढं तुम्ही लिहा."